गिअरचे वाफेचे इंजिन

गिअरचे वाफेचे इंजिन : पिस्टनचा जोर दांड्यांनी थेट चाकांना न देता मध्ये दंतचक्रे घालून, वेग घटवून आणि ओढ वाढवून सर्व चाकांना पोचवणारे रेल्वे इंजिन. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतील लाकूडतोडीच्या रेल्वेसाठी ते घडले. निलगिरीच्या डोंगरी गाडीशी त्याची गल्लत होते; पण तिथे दाते असलेली पट्टी दोन रुळांच्या मध्ये टाकलेली असते, तर गिअरचे इंजिन साध्या रुळांवरच चढते. महाराष्ट्रात याचे सख्खे नव्हे, पण चुलत भावंड माथेरानच्या गाडीला जोडलेले होते.

साध्या इंजिनाला बहुधा दोन सिलिंडर असतात. पिस्टन जाताना आणि येताना, दोन्ही वेळा जोर लावतो, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्यात चार धक्के मिळतात. सपाटीवर तेवढे पुरतात. चढावर, त्यातून रूळ ओला असेल तर, ऐन धक्क्याच्या क्षणी चाक जागच्या जागी गरगरते. ताठ चौकटीत बसवलेली चाके तीव्र वळणावर अडतात ती वेगळीच. कोळसा-पाण्याच्या टेंडरचे वजनही इंजिनाला नुसते ओढावे लागते. पकड वाढवायला त्याचा उपयोग होत नाही.

या अडचणींवर इलाज काढला तो एफ्राइम शे (१८३९–१९१६) या मिशिगनमधील लाकूड कारखानदाराने. तिकडे ओंडके हिवाळ्यात बर्फावरून घसरत आणत. बर्फ कमी पडले की धंदा बसे. शेने लाकडी रूळ टाकले आणि त्यांवर चालेल असे इंजिन स्वतः जुळवले. ओहायोतील लिमा येथील कारखान्याने १८८० मध्ये त्याच्या रचनेचे इंजिन बांधले, १८८१ मध्ये पेटंट मिळाले. शेच्या इंजिनात सिलिंडर उभे आणि सगळे उजव्या बाजूला असतात. तोल राहावा म्हणून बॉयलर डावीकडे सरकवलेला असतो. सिलिंडरखालचा लांब दांडा इंजिनाच्या कडेने पुढून मागे जातो आणि शंक्वाकार दंतचक्रांनी प्रत्येक बोगीची, म्हणजे इंजिनाखालच्या वळू शकणाऱ्या चाकगाड्याची, चाके फिरवतो. दांड्याला सरकते सांधे असल्याने वळणावर बोग्या हव्या तशा वळतात. टेंडरखालची चाकेही चालती असल्यामुळे पाण्याचे वजनसुद्धा पकडीच्या कामी येते. दिसायला हे यंत्र बेढब आहे. पण बिघडलेला भाग बाहेरच असल्याने जंगलात पाना घेऊन बसणाऱ्याला ते सोयीचे होते. फुसफुस इतकी जलद की गाडी भरधाव निघाली असे वाटावे. प्रत्यक्षात वेग ताशी वीस-पंचवीस किलोमीटरच्या वर क्वचितच जाई. १९४५ पर्यंत लिमाने अशी सुमारे २,७७० इंजिने बांधली.

क्लायमॅक्स आणि हाइसलर हे दोन प्रतिस्पर्धी पेनसिल्व्हेनियातले. दोघांनीही दांडा कडेला न ठेवता मधोमध नेला. हाइसलरचे सिलिंडर इंग्रजी व्ही अक्षरासारखे तिरके असून तिघांत तेच वेगवान मानले जाई.

या इंजिनांचे खरे कारण चढ नव्हे, तर खराब मार्ग होय. लाकूडतोडीचा रूळ खडी न घालता, कच्च्या स्लीपरांवर टाकला जाई आणि झाडे संपली की उचलून पुढच्या दरीत नेला जाई. अशा वेड्यावाकड्या मार्गावर ताठ इंजिन घसरणारच. आशियात तैवानच्या अलीशान डोंगरात जपानी राजवटीने सुरूच्या जातीचे लाकूड उतरवण्यासाठी ७६२ मिलिमीटर रुंदीची रेल्वे बांधली आणि तिच्यावर शेची इंजिने आणली. आपल्याकडे कोचीन संस्थानाच्या वन ट्रामवेने (१९०७–१९६३) परंबिकुलमचे लाकूड चालकुडीला पोचवले. तिथल्या सर्वांत अवघड उतारांवर इंजिन न लावता भरलेले डबे दोराने खाली सोडत आणि त्यांच्याच वजनाने रिकामे डबे वर खेचले जात.

सह्याद्रीत प्रश्न निराळा होता. पुणेकरांच्या रोजच्या वाटेवरचा बोरघाट १८६३ मध्ये खुला झाला. तिथला चढ ३७ फुटांत एक फूट, पण मार्ग भक्कम, वळणे मोठी. त्यामुळे जादा इंजिने लावून काम भागले. कर्जतला पुण्याकडे येणारी गाडी थांबते ती वड्यासाठी नव्हे, मागे बँकर इंजिने जोडण्यासाठी. माथेरानला मात्र ती सोय नव्हती. सर आदमजी पीरभॉय यांच्या पैशातून त्यांचे पुत्र अब्दुल हुसेन यांनी १९०४ ते १९०७ मध्ये नेरळ–माथेरान मार्ग बांधला. खर्च सुमारे १६ लाख रुपये. लांबी सुमारे २१ किलोमीटर, रुंदी दोन फूट, चढ २० फुटांत एक फूट आणि वळणामागून वळण.

त्यासाठी जर्मनीच्या ओरेनस्टाइन आणि कोपेल कंपनीकडून चार इंजिने आली : क्रमांक ७३८ ते ७४१. चाके सहा आणि सहाही चालती. टेंडर नाही, पाणी इंजिनावरच. म्हणजे सगळे वजन पकडीला लावण्याची शेची युक्ती इथेही आहे. फरक वळणाच्या उपायात. पुढचा आणि मागचा आस क्लीन-लिंडनर पद्धतीचा, म्हणजे दुहेरी आहे. आतला भरीव आस दांड्यांनी फिरतो आणि कायम सरळ राहतो. त्याच्यावर पोकळ आस चढवलेला, चाके त्या पोकळ आसाला. मधल्या गोलाकार सांध्यामुळे पोकळ आस फिरता फिरता तिरका होतो आणि चाके वळण धरतात. गिअर नाही, आवाज नाही, उघडे दाते नाहीत. पण ही नाजूक रचना नीट राखलेल्या मार्गावरच टिकते. मिशिगनच्या जंगलात ती महिनाभर तरी चालली असती का, याची शंका आहे. आणि पर्यटकांच्या गाडीला शेचे इंजिन जोडणे हे उगाच अवजड ठरले असते. माथेरानच्या अभियंत्यांची निवड योग्य होती.

१९५० च्या दशकात युंग या जर्मन कारखान्याची डिझेल इंजिने आली आणि १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला माथेरानची वाफ थांबली. ७४१ क्रमांकाचे इंजिन दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात आहे, ७४० इंग्लंडला गेले. शेची इंजिने पश्चिम व्हर्जिनियातील कास येथे पर्यटकांना घेऊन अजून डोंगर चढतात. पुण्याच्या वाचकाला मात्र कर्जतला गाडी बदलून नेरळपर्यंत गेले तरी पुरे : ७३८ क्रमांकाचे इंजिन तिथे स्थानकावर मांडून ठेवले आहे.