५ नोव्हेंबर : सांगलीच्या राजवाड्यातला पहिला खेळ

मराठी रंगभूमीचा पहिला मंच कुठल्या नाट्यगृहात नव्हे, तर सांगलीच्या राजवाड्यात उभा राहिला. १८४२ साली कर्नाटकातली एक भागवत मंडळी सांगलीत खेळ करून गेली. तसेच काहीतरी मराठीत करा, असे सांगलीचे संस्थानिक चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धनांनी पदरच्या विष्णुपंत भाव्यांना फर्मावले आणि ५ नोव्हेंबर १८४३ रोजी ‘सीता स्वयंवर’ उभे राहिले. तेव्हा लिखित संवाद नव्हते. सूत्रधार बाजूला उभा राहून पदे म्हणायचा आणि पात्रे ऐन वेळी सुचेल तसे बोलायची. आरंभी गणपती यायचा, मग मोरावर बसलेली सरस्वती नाचत यायची. अर्थात सीतेसह सगळ्या स्त्रिया म्हणजे पुरुषच!

१८५१ मध्ये आप्पासाहेब गेले आणि राजाश्रय आटला. भाव्यांनी मंडळी घेऊन मुलूखगिरी सुरू केली. १८५३ मध्ये मुंबईत ग्रँट रोडच्या थिएटरात तिकीट लावून खेळ केले. एका अर्थी सांगलीचा तोटा नाटकाच्या पथ्यावरच पडला. आज सांगलीत भाव्यांच्या नावाचे नाट्यमंदिर आहे आणि दरवर्षी याच तारखेला एखाद्या ज्येष्ठ रंगकर्मीला तिथे भावे गौरवपदक दिले जाते.