परसातला अळू आणि यार्डातली जुडी

रविवारी पहाटे गुलटेकडीच्या मार्केट यार्डात पालेभाज्यांकडे वळलं की आधी नाकाला कळतं कुठे आलो ते. शेपू, पुदिना, ओली माती आणि पोत्याचा वास. इथला हिशेब किलोत चालत नाही, शेकड्यात चालतो: शंभर जुड्यांना अमुक रुपये. आवक चांगली असली तर एकट्या कोथिंबिरीच्या लाखभर जुड्या एका दिवसात येतात. वर मूठभर कोथिंबीर फुकट मागण्याचा पुणेरी हक्क मात्र दारावरच्या भाजीवालीकडे. घाऊकात तो चालत नाही.

ही जुडी पुण्याच्या स्वयंपाकघरात उशिरा आली. पेशवाईत नानासाहेबांनी कात्रजच्या तलावातून शहरात पाणी आणलं, पेठापेठांत हौद झाले आणि वाड्यांची परसं हिरवी राहिली. मोरीचं पाणी वाया जात नसे. ते अळूच्या आणि केळीच्या मुळाशी जाई. पुढच्या चौकात तुळस, मागे कढीपत्ता, गवती चहा, ओली हळद. पूजेसाठी तगर, जास्वंद, अनंत, पारिजातक. आज ‘किचन वेस्टवर वाढवलेली बाग’ म्हणून जे कौतुकानं दाखवलं जातं, ते तेव्हा मोरीचा उतार नीट काढण्याइतकं साधं काम होतं. अर्थात या परसाच्या आठवणी सहसा वाडा असणाऱ्यांनी लिहिल्या. दोन खोल्यांच्या बिऱ्हाडकरूची बाग म्हणजे खिडकीतल्या डब्यातली तुळस.

बाकीच्या शहराला भाजी पुरवली ती माळ्यांनी. फुलमाळी, जिरेमाळी, हळदेमाळी ही पोटजातींची नावंच पिकांची यादी सांगतात. साताऱ्याकडच्या कटगुणचं गोऱ्हे घराणं पुण्यात फुलांच्या व्यवसायावरून फुले झालं. त्याच घरातल्या जोतीरावांनी पुढे मांजरीला कालव्याच्या पाण्यावर शेती केली. खडकवासल्याचं धरण १८७९ मध्ये पुरं झालं. त्याच्या कालव्यानं हडपसर-मांजरीच्या पट्ट्याला बारमाही पाणी दिलं आणि शहराचं परस शहराबाहेर सरकलं.

भाजीचा बाजार तेव्हा शनिवारवाड्यासमोरच्या मैदानात भरे. नगरपालिकेनं शुक्रवार पेठेत दगडी मंडई बांधायचं ठरवलं. १८७६ पासून काही वर्षं सभासद असलेल्या फुल्यांनी या खर्चाला विरोध केला. तो पैसा शिक्षणावर लागावा असं त्यांचं म्हणणं होतं. मंडई तरीही झाली, अष्टकोनी मनोऱ्यासकट. १८८६ मध्ये ती खुली झाली आणि गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नावानं ‘रे मार्केट’ म्हणून ओळखली जाऊ लागली. अर्ध्या शतकानंतर, आचार्य अत्रे नगरपालिकेत असताना, तिला नाव मिळालं महात्मा फुले मंडई. विरोधकाचंच नाव इमारतीला लागावं, ही गंमत पुण्याला शोभते.

याच काळात झाडांचं शास्त्रही शहरात रुजत होतं. गणेशखिंडीची वनस्पती बाग १८७३ची, शेतकी महाविद्यालय १९०७चं. एम्प्रेस गार्डनच्या पुष्पप्रदर्शनातून पुणेकर कुंडी उचलून घरी नेऊ लागले.

बाजार समिती १९५७ मध्ये स्थापन झाली आणि पुढे मंडईतला घाऊक व्यवहार गुलटेकडीला गेला. आडते, हमाल, तोलणार, गाळे सगळं नव्यानं मांडलं गेलं. मंडईत किरकोळ विक्री उरली. इकडे १२ जुलै १९६१च्या पानशेतच्या पुरानं नदीकाठचे कितीतरी वाडे झोपवले. त्यांच्या जागी इमारती उभ्या राहिल्या. परसाची गॅलरी झाली, अळूच्या जागी मनीप्लांट आला. पुण्यानं बागेतलं जे हरवलं, त्याची मनीप्लांट ही सर्वांत वाईट भरपाई.

पण यार्डानं घरची बाग मारली, असं म्हणणं अन्यायाचं ठरेल. बियाणं तिथंच आहे. भुसार बाजारातले अख्खे धणे आणावेत, लाटण्यानं हलके रगडून दोन फाका कराव्यात, रात्रभर भिजवून पेरावेत. आठ-दहा दिवस काही दिसत नाही. तेवढ्यात उकरून बघणाऱ्यांची कोथिंबीर कधीच येत नाही. मेथी डब्यातलीच चालते, तीन-चार दिवसांत मान वर काढते. पुदिन्याच्या जुडीतल्या जाड काड्या पानं खुडून पेल्यात पाण्यात ठेवल्या की आठवड्याभरात पांढरी मुळं फुटतात. त्या मात्र वेगळ्या कुंडीत लावाव्यात, कारण पुदिना शेजाऱ्याला जगू देत नाही. उन्हाळ्यात कोथिंबीर लगेच फुलावर जाते. तिला दुपारची सावली हवी.

पावसाळ्यात घरच्या कुंडीचा खरा उपयोग कळतो. शेतात चिखल होतो, जुडी वाटेतच सडते, आवक घटते आणि कोथिंबिरीचा भाव बातमीत जातो. थंडीत तीच जुडी इतकी स्वस्त होते, की शेतकऱ्याचं गाडीभाडंही सुटत नाही. तेव्हा गॅलरीतल्या कुंडीचा तोरा मिरवू नये. दोन जुड्या जास्त घ्याव्यात.

पुदिना आणायला जायचं तर शनिवार सोडून. त्या दिवशी भाजीबाजाराला सुट्टी असते.