साध्या मजकुरातील रेझ्युमे : रचना आणि पडताळणी

ऑनलाइन अर्जात रेझ्युमे दोन वाटांनी आत जातो. फाइल जोडली, तर कंपनीची भरती-प्रणाली तिच्यातला मजकूर स्वतःच काढून घेते. कोरी चौकट दिली असेल, तर उमेदवार तो तिथे पेस्ट करतो. कोणत्याही वाटेने गेले तरी प्रणालीच्या शोधाला सापडतात ती नुसती अक्षरे. ठळक टाइप, रंग, रकाने, फोटो यांचा तिथे काही उपयोग नसतो. म्हणून साधा मजकूर ही देखण्या रेझ्युमेची दुय्यम प्रत मानू नये. आधी तो लिहावा, आणि वर्ड किंवा पीडीएफची प्रत त्यावरून तयार करावी.

सजावट केवळ शोभेची नसते, ती अर्थही वाहत असते. डाव्या रकान्यात कौशल्ये आणि उजव्या रकान्यात नोकऱ्या असे पान घेऊ. वाचणाऱ्याला दोन्ही रकाने वेगळे दिसतात. पीडीएफ मात्र मुख्यतः कोणते अक्षर पानावर कुठे छापायचे एवढे नोंदवते; कोणता रकाना आधी वाचायचा, हे तिच्यात असेलच असे नाही. असे पान आडवे वाचले गेले, की डावीकडची ‘टॅली’ उजवीकडच्या नोकरीच्या तारखेला चिकटते. वर्डमध्ये नाव आणि मोबाइल नंबर पानाच्या हेडरमध्ये टाकणाऱ्यांचे नुकसान याहून मोठे. फाइल ‘प्लेन टेक्स्ट’ म्हणून सेव्ह केली, की हेडर वगळला जातो. अनुभव शाबूत राहतो, पण फोन कुणाला करायचा तेच उरत नाही.

तेव्हा जे काम रकाने करत होते, ते क्रमाने आणि शब्दांनी करायचे. हुद्दा एका ओळीवर, कंपनी आणि शहर दुसरीवर, ‘जून २०१९ ते मार्च २०२३’ तिसरीवर, आणि त्याखाली कामे. हाच क्रम प्रत्येक नोकरीला. महिना अक्षरांत लिहावा, कारण ०३/०४ म्हणजे भारतात तीन एप्रिल आणि अमेरिकेत चार मार्च. संक्षेप आणि पूर्ण रूप दोन्ही एकदा तरी यावीत. ‘चार्टर्ड अकाउंटंट’ शोधणाऱ्याला नुसते ‘सीए’ सापडेलच याची खात्री नसते.

खरा घोळ चिन्हांचा आहे. १९६३ साली ठरलेल्या आस्की संकेतात १२८ जागा. त्यांत इंग्रजी अक्षरे, अंक आणि मोजकी विरामचिन्हे. वर्ड आपण होऊन घालते ते वळणदार अवतरणचिन्ह, लांब रेघ, गोल ठिपका त्यांत नाहीत. आज सर्वत्र रूढ असलेल्या यूटीएफ-८मध्ये तो ठिपका तीन बाइटचा होतो. पलीकडची प्रणाली जुन्या विंडोज संकेतानुसार वाचत असेल, तर त्या एका ठिपक्याच्या जागी तीन भलतीच अक्षरे उमटतात, आणि तीही प्रत्येक ओळीच्या तोंडाशी. रुपयाच्या चिन्हाचेही तसेच. ते २०१० साली स्वीकारले गेले, त्याआधीच्या संकेतांत त्याला जागाच नाही. पगार लिहावाच लागला तर चिन्हाऐवजी अक्षरे वापरावीत. ठिपक्यासाठी साधी आडवी रेघ किंवा तारा पुरतो, शीर्षकासाठी इंग्रजी मोठी अक्षरे. जागा सोडायला टॅब किंवा ओळीने दिलेल्या स्पेस नकोत.

ओळ कुठे तोडायची, हे मजकूर कुठे जाणार त्यावर ठरते. ईमेलच्या मानकानुसार ओळ ७८ अक्षरांच्या आत असावी. चौकटीत मात्र ओळी रुंदीप्रमाणे आपोआप वळतात, तिथे हाताने तोडलेल्या ओळी मध्येच तुटून मजकूर फाटका दिसतो. चौकटीसाठी एंटर फक्त मुद्दा संपल्यावर. शब्दमर्यादेऐवजी अक्षरमर्यादा असेल, तर थोडी जागा राखून ठेवावी: फॉर्म पाठवताना ब्राउझर प्रत्येक एंटरची दोन अक्षरे करतो.

पडताळणी नोटपॅडमध्ये करावी. पेस्ट करून वरपासून खालपर्यंत वाचावे, यूटीएफ-८ निवडून सेव्ह करावे, आणि तेथूनच अर्जात न्यावे. पाच मिनिटांचे हे काम टाळू नये असे मला कळकळीने वाटते. गुणी उमेदवाराचा अर्ज चिन्हांच्या गोंधळामुळे मागे पडावा, हे फार वाईट.

मराठीत अर्ज करणाऱ्यांनी एक गोष्ट आणखी पाहावी. श्रीलिपी किंवा कृतीदेव यांसारख्या जुन्या फाँटमध्ये टाइप केलेला बायोडाटा पडद्यावर मराठी दिसतो, पण त्यांतल्या बहुतेकांत आत साठलेली असतात इंग्रजी अक्षरे आणि चिन्हे. फाँट गेला, की तेवढीच उरतात, आणि कोणत्याही शोधात तो माणूस सापडत नाही. असा मजकूर आधी युनिकोडमध्ये बदलून घ्यावा. बदलल्यावर रफार, ऱ्हस्व वेलांटी आणि ‘क्ष’, ‘श्र’ यांसारखी जोडाक्षरे डोळ्यांखालून घालावीत, कारण रूपांतरात चुका होतात त्या बहुधा तिथेच. सुरुवात स्वतःच्या नावापासून आणि गावाच्या नावापासून करावी.