सुट्टीतले शिबिर आणि अंगणातली शाळा

परीक्षा आटोपून उन्हाळ्याची सुट्टी लागली की आपल्या शाळा-महाविद्यालयांतून एक प्रश्न हमखास निघतो : यंदा शिबिर कोठे न्यायचे? कोणी दांडीचे नाव सुचवितो. बोईसर स्थानकावर उतरून समुद्राच्या दिशेने गेले की ही किनाऱ्यावरची गावे लागतात. एका बाजूस तारापूर, जेथे १९६९ साली देशातील पहिले अणुवीज केंद्र सुरू झाले. पाठीमागे बोईसरची औद्योगिक वसाहत. आणि किनाऱ्याने खाली मुरबे, सातपाटी. एवढी वीज आणि एवढे कारखाने शेजारी असूनही किनाऱ्यावरचा कोळी आणि आतल्या पाड्यावरचा आदिवासी यांच्या मुलांची शाळेशी असलेली गाठ अजून सैल आहे. तेव्हा सूचना चांगलीच आहे. परंतु पेट्या-वळकट्या बांधण्यापूर्वी याच जिल्ह्याचा थोडा इतिहास आपण डोळ्यांखालून घालावा, अशी या लेखाची विनंती आहे.

मुलांच्या सुट्टीतील शिबिरांची कल्पना तशी जुनी. स्वित्झर्लंडमधील झुरिक शहरात वाल्टर बिओन नावाच्या धर्मोपदेशकाने १८७६ साली गरीब वस्तीतील मुलांना सुट्टीत डोंगराकडील गावी नेले. शहरातील कोंदट खोल्यांत वाढणाऱ्या मुलांना मोकळी हवा आणि पोटभर अन्न मिळावे, हा त्यामागील हेतू. पुढे ही प्रथा युरोपभर पसरली. तेथे शहरचे मूल गावी गेले. आपल्याकडे मात्र शहरचा तरुण गावच्या मुलाकडे गेला. गांधीजन्मशताब्दीच्या वर्षी, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली, तेव्हा ३७ विद्यापीठांतील सुमारे ४०,००० विद्यार्थी तिच्यात होते. तेव्हापासून फावडे-घमेले घेऊन गावी जाणारा विद्यार्थी आपल्या ओळखीचा झाला.

परंतु या जिल्ह्यातील सर्वांत मोलाची कहाणी त्याच्याही आधीची आहे, आणि तिची सुरुवातही एका शिबिरातूनच झाली.

२२ फेब्रुवारी १९४४ रोजी कस्तुरबा गांधींचे पुण्यास आगाखान पॅलेसमध्ये बंदिवासात निधन झाले. त्यांच्या स्मरणार्थ जमलेल्या निधीतून खेड्यांतील स्त्रिया व मुले यांच्यासाठी काम सुरू झाले. १९४५ साली या निधीच्या वतीने बोरिवलीस ग्रामसेविकांचे एक शिबिर भरले. तेथे पुण्याच्या हुजूरपागा शाळेतील एक शिक्षिका आल्या होत्या. नाव अनुताई वाघ. जन्म १९१० चा, मोरगावचा. तेराव्या वर्षी लग्न आणि अवघ्या सहा महिन्यांत वैधव्य. त्याच शिबिरात त्यांची गाठ ताराबाई मोडक यांच्याशी पडली.

ताराबाई (१८९२–१९७३) त्या वेळी बालशिक्षणाच्या क्षेत्रातील मोठे नाव होते. भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेका यांच्यासमवेत त्यांनी काम केले होते. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला त्यात त्या अग्रभागी होत्या. दादरला शिशुविहार त्यांनी चालविले होते. मारिया मॉन्टेसरी यांनी १९०७ साली रोमच्या गरीब वस्तीत सुरू केलेली पद्धती आपल्याकडे येता येता सुखवस्तू घरांची होऊन बसली होती, ही खंत त्यांच्या मनात होती. ती पद्धती खेड्यात न्यायची असे त्यांनी ठरविले. निवडलेले गाव होते बोर्डी. तेथे आचार्य भिसे, चित्रे गुरुजी यांच्यासारख्या शिक्षकांनी आधीच जमीन नांगरून ठेवली होती. ताराबाईंच्या हाकेला ओ देऊन अनुताई पुण्याची नोकरी सोडून आल्या, आणि १९४५ च्या डिसेंबरात बोर्डीस ग्राम बाल शिक्षा केंद्र उभे राहिले.

ते वर्षही ध्यानात घेण्यासारखे आहे. त्याच साली डहाणू-उंबरगाव भागातील वारली शेतकरी गोदावरी व शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली वेठबिगारीविरुद्ध उभे ठाकले होते. गोदावरीबाईंनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात तो लढा सांगितला आहे. ज्या घरातील बाप कालपर्यंत वेठीला जुंपला जात होता, त्या घराच्या दारी पांढरपेशा बाई येऊन “मुलाला शाळेत धाडा” म्हणू लागली, तर तिच्यावर विश्वास कोणी व का ठेवावा?

विश्वास बसला नाहीच. शाळा काढली तरी मुले येईनात. आपल्यासारख्या उत्साही मंडळींनी येथे थोडे थांबावे. असे झाले की आपण म्हणतो, “या लोकांना शिक्षणाचे महत्त्व नाही.” ताराबाई-अनुताईंनी तसे म्हटले नाही. मूल शाळेत येत नसेल तर शाळेने मुलाकडे जावे, इतका साधा निष्कर्ष त्यांनी काढला. वस्तीतल्याच एखाद्या अंगणात बालवाडी भरू लागली. मुलांना आंघोळ घालणे, केस विंचरणे, गाणी-गोष्टी, खेळ, हाच प्रारंभीचा अभ्यासक्रम. महागडी साधने गेली आणि त्यांच्या जागी शंख-शिंपले, बिया, पाने, खडे आले. शास्त्र तेच राहिले, सामान गावचे झाले. ही झाली अंगणवाडी.

पुढे १९५६-५७ च्या सुमारास काम डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर गेले. आता गाठ होती पाड्यांवरील वारली मुलांशी. तेथे आणखी एक गोष्ट उमगली. सात-आठ वर्षांची मुलगी शाळेत येत नाही, कारण तिच्या कडेवर धाकटे भावंड असते. मुलगा येत नाही, कारण तो गुरांमागे असतो. म्हणजे आळस नव्हे, घरचे काम आड येत होते. उपायही त्याच कामातून शोधला गेला. तान्ह्यांसाठी पाळणाघर, त्याच्याशेजारी बालवाडी आणि तिच्याशेजारी प्राथमिक शाळा, अशी ‘विकासवाडी’ एकाच आवारात उभी राहिली. भावंडाला पाळण्यात ठेवून बहीण पाटी घेऊन बसू लागली. गुराख्यांसाठी शिक्षक स्वतः कुरणात गेले. गुरे चरत असताना तेथेच शिकवणे चाले. ती ‘कुरणशाळा’. दिवसभर राबणाऱ्यांसाठी रात्रीची शाळा होती.

वाचकहो, या प्रयोगांचे फळ दूरवर गेले. २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना ३३ प्रकल्पांत सुरू केली, तिच्या केंद्रांना नाव मिळाले ‘अंगणवाडी’. आज देशभर लाखो अंगणवाड्या आहेत. या नावाची आणि कल्पनेची मुळे शोधू गेल्यास बोर्डी-कोसबाडचे अंगण लागते. ताराबाईंना १९६२ साली पद्मभूषण, अनुताईंना पुढे पद्मश्री मिळाली. ताराबाई गेल्यावरही अनुताई कोसबाड सोडून गेल्या नाहीत. १९९२ साली तेथेच त्यांचा देह पडला. शिबिरात दिलेला होकार त्यांनी सत्तेचाळीस वर्षे पाळला. पुढे १९९० च्या दशकात विधायक संसदेने वीटभट्ट्यांवर स्थलांतरित मजुरांच्या मुलांसाठी ‘भोंगाशाळा’ चालविल्या, त्याही याच वाटेवरच्या : मूल जेथे, शाळा तेथे.

मग आठ-दहा दिवसांच्या आपल्या शिबिराचा उपयोग काय, असे कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. खरे सांगायचे तर अशा शिबिराने मुलाचे शिक्षण होत नाही. उलट एक धोका संभवतो. दहा दिवस ताई-दादा म्हणून मुले गळ्यात पडतात, अकराव्या दिवशी ताई-दादा गाडीत बसतात, आणि पुन्हा कधीच दिसत नाहीत. मूल यातून एवढेच शिकते की बाहेरून येणारी माणसे जाण्यासाठीच येतात. खिदमत हा शब्द आपण आदराने उच्चारतो. परंतु ज्याची खिदमत करावयाची त्याच्या सोयीने ती झाली पाहिजे, आपल्या सुट्टीच्या सोयीने नव्हे.

तरीही शिबिर निरर्थक नाही. अनुताईंना कोसबाडची वाट शिबिरानेच दाखविली, हे विसरून चालणार नाही. शिबिर हा उंबरठा आहे. त्याला घर समजू नये, इतकेच.

म्हणून दांडीस किंवा तशा कोणत्याही गावी जाणाऱ्या आपल्या मुलामुलींना काही सांगणे आहे. आपला कार्यक्रम घेऊन जाण्यापूर्वी गावचे वेळापत्रक पाहावे. मासळी निवडण्याची वेळ असेल तर त्या वेळी वर्ग ठेवू नये. धाकटे भावंड घेऊन आलेल्या मुलीस परत पाठवू नये. एकीने ते बाळ सांभाळावे, दुसरीने तिला शिकवावे. शहरातून खेळणी नेण्याऐवजी वाळू, शिंपले, जाळ्याचे दोर यांतूनच मोजणी व अक्षरे काढावीत. माशांची, वाऱ्याची, भरती-ओहोटीची माहिती मुलांकडून आपण घ्यावी. शिकणारा आणि शिकविणारा यांची अदलाबदल झाल्यावाचून ओळख होत नाही. गावच्या अंगणवाडी सेविकेला आणि शाळेच्या गुरुजींना पहिल्याच दिवशी भेटावे, कारण आपण निघाल्यावर ही मुले त्यांच्याच हाती असतात.

आणि शेवटचे. शिबिराच्या यादीत नाव घालताना पुढच्या वर्षीच्या यादीतही ते आजच घालावे. दुसऱ्या उन्हाळ्यात गावच्या वाटेवर एखादे मूल आपल्याला नावाने हाक मारील, तेव्हा आपले काम सुरू झाले असे समजावे.