ळचा य होतो तिथले धडे

'मुक्त शैक्षणिक संसाधनं' हा शब्दप्रयोग काही केल्या तोंडात बसत नाही. २००२ साली पॅरिसमध्ये युनेस्कोच्या बैठकीत तो इंग्रजीत घडला आणि मराठी परिपत्रकांत येईपर्यंत पार वाळून गेला. अर्थ मात्र सोपा आहे. कुणीही फुकट वाचावं, उतरवून घ्यावं, गरजेप्रमाणे बदलावं आणि पुढे द्यावं, असं शिकण्याचं साहित्य. मी खानदेशात कॉलेजच्या मुलांना मराठी शिकवतो. हा विषय निघाला की मी पॅरिसपासून सुरुवात करत नाही, अमळनेरपासून करतो.

१९२४ साली साने गुरुजी अमळनेरच्या शाळेत शिक्षक झाले. वसतिगृहाचं काम अंगावर आल्यावर त्यांनी मुलांसाठी 'छात्रालय' नावाचं दैनिक काढलं. छापखाना नाही, वर्गणी नाही. स्वतःच्या हाताने लिहायचं आणि मुलांना वाचायला ठेवायचं. १९२८मध्ये त्यांचं 'विद्यार्थी' मासिक निघालं, पण मला ते हस्तलिखितच जास्त जवळचं वाटतं. वाचणारी पोरं लिहिणाऱ्याच्या रोजच्या ओळखीची होती.

मग १९३२, धुळ्याचा तुरुंग. २१ फेब्रुवारी ते १९ जून, अठरा रविवार, गीतेचे अठरा अध्याय. विनोबा कैद्यांपुढे बोलत आणि गुरुजी लिहून घेत. 'गीता प्रवचने' हे पुस्तक असं तयार झालं. बोलणारा एक, लिहिणारा दुसरा.

बहिणाबाईंचंही तेच. आसोद्याची लेक, जळगावच्या चौधरींची सून, अक्षरओळख नाही. शेतात, जात्यावर सुचलेलं सोपानदेवांनी आणि घरच्यांनी टिपून ठेवलं. बाई १९५१च्या डिसेंबरात गेल्या आणि १९५२ साली आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह पुस्तक आलं. टिपलं गेलं नाही ते किती, याचा हिशेब कोण देणार?

कॉपीराइटचा हिशेब मात्र देता येतो, आणि मुलांना तो गणितासारखा आवडतो. आपल्या कायद्यात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं. पुस्तक मरणोत्तर निघालं असेल तर प्रकाशनानंतर साठ. म्हणून 'श्यामची आई' २०११पासून सर्वांची. बहिणाबाईंची गाणी १ जानेवारी २०१३पासून. पण त्याच पुस्तकातली अत्र्यांची प्रस्तावना? अत्रे १९६९ साली गेले, म्हणजे ती २०३० उजाडल्यावर. विनोबा १९८२ साली गेले, तेव्हा 'गीता प्रवचने'साठी २०४३ची वाट. एकाच पुस्तकाची काही पानं मोकळी आणि काही कुलपात, हे कळल्यावर पोरं फोनवर लेखकांच्या मृत्यूच्या तारखा शोधत सुटतात. अभ्यासाचा हा जरा भयाण प्रकार आहे, पण लक्षात राहतो.

खरी अडचण पुढे येते. माझ्या वर्गात धुळ्याकडची अहिराणी आहे, यावल-रावेरकडची लेवा बोली आहे, सातपुड्यातली पावरी आहे, तांड्यावरची गोरबोली आहे, घरी उर्दू बोलणाऱ्या मुली आहेत. पाठ्यपुस्तक एकाच मराठीत. सगळ्यांनी मिळून धडा तयार करायचा म्हटलं की पहिले दोन दिवस कुणी तोंडच उघडत नाही. 'सर, आमचं शुद्ध नाही.' मग मी ग्रिअर्सन काढतो. त्याच्या भाषा सर्वेक्षणाचा खानदेशीचा खंड १९०७ सालचा, आता सर्वांना मोकळा. त्यात बायबलातल्या उधळ्या मुलाची गोष्ट खानदेशीत छापली आहे. एका गोऱ्या अधिकाऱ्याने शंभराहून अधिक वर्षांपूर्वी आपल्या बोलीचं व्याकरण मांडलं, हे पाहून 'शुद्ध नाही'वाला आवाज खाली येतो. अहिराणीत 'रामचं घर' हे 'रामना घर' का होतं, आंडोर-आंडेर म्हणजे मुलगा-मुलगी हे शब्द शेजारच्या लेवा बोलणाऱ्याला कळतात का, यावर वाद सुरू होतो. धडा तिथून सुरू होतो.

फोनचा कीबोर्ड मात्र अडून बसतो. 'डोया' लिहिलं की त्याला 'डोळा' हवा असतो. तोंडात ळचा य होतो, तो पडद्यावर परत ळ. म्हणून आम्ही आधी आवाज रेकॉर्ड करतो, लिहिणं नंतर.

आणि रेकॉर्डिंगलाच एका मुलीने हरकत घेतली. तिच्या आजीच्या जात्यावरच्या ओव्या होत्या. 'मोकळं केलं म्हणजे उद्या कुणीही गाण्यात घालून पैसे कमावेल ना? आजीला काय?' प्रश्न बरोबर होता. क्रिएटिव्ह कॉमन्सचे परवाने २००२पासून आहेत. त्यातला एक विकायला मुभा देतो, पण नाव द्यावं लागतं आणि त्यातून नवं काही केलं तर तेही तितकंच मोकळं ठेवावं लागतं. दुसरा विक्रीला मनाई करतो, पण मग ते विकिपीडियासारख्या ठिकाणी चालत नाही. बहिणाबाईंना असं कुणी विचारलं नव्हतं. जे झालं ते चांगलंच झालं, तरीही नव्हतं विचारलं. आम्ही ठरवलं की विचारल्याशिवाय काही चढवायचं नाही, आणि 'हो' किंवा 'नाही' आजीच्या आवाजातच घ्यायचं.

त्या आजीने पाच ओव्यांना हो म्हटलं. सहावी तिच्या वारलेल्या बहिणीची होती. ती घरातच राहू द्या म्हणाली. स्वतःचं नावही नको, फक्त गावाचं घाला. पाच फायली चढल्या आहेत. गाणाऱ्याच्या रकान्यात गाव आहे, आणि टिपणाऱ्याच्या रकान्यात नातीचं नाव.