अपयशाचे व्याकरण: 'फेल' आणि 'नापिकी'

इंग्रजीतील 'फेल' हे क्रियापद तेराव्या शतकात जुन्या फ्रेंचमधून आले. त्याचे मूळ लॅटिन 'फालेरे' म्हणजे 'फसविणे'. 'फॉल्स', 'फॉल्ट', 'फॅलसी' हे शब्दही त्याच कुळातले. फसविणे, अपेक्षाभंग करणे, उणे पडणे, अयशस्वी होणे असा हा अर्थप्रवास आहे. त्यात फसविणारा कर्ता हळूहळू वाक्याबाहेर गेला आणि उणेपणाचा भार उरलेल्या कर्त्यावर पडला, हे लक्षात घ्यावयास हवे.

मराठीत हे अर्थ वेगवेगळ्या शब्दांत वाटले गेले आहेत. संस्कृतात 'अपयश' म्हणजे दुष्कीर्ती; मराठीत त्याचा मुख्य अर्थ असफलता झाला, तरी लोकनिंदेची छटा पुरती पुसली गेली नाही. 'फसणे' मात्र 'फालेरे'ला जवळचे आहे. 'माणूस फसला' आणि 'बेत फसला' ही दोन्ही वाक्ये मराठीत सहज होतात. शेजारी 'फसविणे' हे प्रयोजक रूप असल्याने 'कोणी फसविले?' हा प्रश्नही जागा राहतो. यवतमाळसारख्या कोरडवाहू कापसाच्या जिल्ह्यात पेरणी 'फसते', पाऊस 'दगा देतो'. या बोलीत शेतकरी फसलेला असतो, नालायक नसतो.

शासकीय मराठीचा शब्द आहे 'नापिकी'. फारसी 'ना' आणि मराठी 'पीक' यांचा हा संकर. 'नापास'ची घडणही तशीच. हे नाम आहे, त्यामुळे त्याला कर्ता लागत नाही. पैसेवारी पन्नास पैशांहून कमी भरली की पीक जणू नापास ठरते.

महागाव तालुक्यातील चिलगव्हाणचे साहेबराव करपे यांनी १९ मार्च १९८६ रोजी पत्नी व चार मुलांसह जीवन संपविले. पुढे २३ जानेवारी २००६ च्या शासननिर्णयाने शेतकरी आत्महत्येनंतरच्या एक लाख रुपयांच्या मदतीसाठी नापिकी, कर्ज आणि परतफेडीची असमर्थता हे निकष ठेवले. प्रकरण 'पात्र' वा 'अपात्र' ठरू लागले. म्हणजे ज्याला जगताना फसल्याचे शल्य होते, त्याच्या मृत्यूलाही परीक्षा द्यावी लागली, आणि तीत काही मृत्यू नापास झाले.

शब्दार्थाचा इतिहास येथे केवळ कोशकाराचा विषय राहत नाही. ग्रामीण साहित्यातील अपयशाची चिकित्सा करताना आपण पात्राच्या स्वभावातील उणीव शोधतो. ती परिभाषा 'नापास'च्या जातीची आहे. 'फसणे' या क्रियापदाने विचारलेला प्रश्न समीक्षेनेही विचारावयास हवा: या वाक्यातून वगळलेला कर्ता कोण?