जेवणाच्या सुट्टीतला गट

लॉस एंजेलिसच्या फेअरफॅक्स हायस्कूलमध्ये १९८४ साली व्हर्जिनिया उरीबे या विज्ञानशिक्षिकेने जेवणाच्या सुट्टीत काही मुलांना एकत्र बसवून बोलते करायला सुरुवात केली. निमित्त होते एका समलिंगी विद्यार्थ्याचे. घरातून हाकललेला, शाळेतल्या छळाने त्रासलेला तो मुलगा शाळाच सोडून गेला होता. या उपक्रमाला ‘प्रोजेक्ट टेन’ हे नाव मिळाले, किन्सीच्या संशोधनावरून रूढ झालेल्या दहा टक्क्यांच्या आकड्यावरून. तो आकडा पुढे वादग्रस्त ठरला. नाव मात्र टिकले.

शालेय समुपदेशनाच्या इतिहासात या गटाचे स्थान मोठे आहे. तरी मला त्याची एक मर्यादा जाणवते. त्याचा मुख्य भर सोसणाऱ्या मुलांना आधार देण्यावर होता. चिडवणारे आणि चिडवणे मुकाट पाहणारे बहुतेक खोलीबाहेरच राहिले.

त्यांच्यासाठी दार उघडले ते मॅसॅच्युसेट्समध्ये. १९८८ साली कॉन्कर्ड अकॅडमीत इतिहास शिकवणाऱ्या केव्हिन जेनिंग्ज यांच्याकडे एक विद्यार्थिनी गट काढण्याची कल्पना घेऊन आली. ती स्वतः समलिंगी नव्हती. तिची आई होती. ‘गे-स्ट्रेट अलायन्स’ या नावातला ‘स्ट्रेट’ आला तो तिच्यामुळे. मला हा शब्द फार कळीचा वाटतो. भिन्नलिंगी मुलांना आता गटात हक्काची जागा मिळाली. आणि ज्याला स्वतःबद्दल अजून काहीच सांगायचे नव्हते, त्यालाही नुसता मित्र म्हणून येऊन बसता येऊ लागले. कोण कोणासाठी आले आहे, हे विचारायची गरजच उरली नाही. मराठीत ‘सहानुभूती’ला दयेचा वास येतो, म्हणून मानसशास्त्राचे अभ्यासक ‘समानुभूती’ म्हणतात. तिला अशी जागा लागते.

ही जागा सगळीकडे सुखासुखी मिळाली नाही. सॉल्ट लेक सिटीच्या ईस्ट हायस्कूलमधल्या मुलांनी असाच गट मागितला. १९८४च्या ‘इक्वल ॲक्सेस ॲक्ट’नुसार अभ्यासक्रमाबाहेरच्या एका मंडळाला परवानगी दिली, की दुसऱ्याला त्याच्या विचारांमुळे नाकारता येत नव्हती. गंमत अशी, की शाळांत बायबल वाचणाऱ्या मंडळांना संरक्षण मिळावे म्हणून हा कायदा रेटला गेला होता, आणि त्याच्या पुरस्कर्त्यांत यूटाचेच सिनेटर ऑरिन हॅच होते. तेव्हा १९९६च्या फेब्रुवारीत शिक्षण मंडळाने एक गट टाळण्यासाठी अभ्यासक्रमाबाहेरची सगळीच मंडळे बंद केली. शेकडो विद्यार्थी वर्ग सोडून राज्याच्या विधानभवनावर चालत गेले. बंदी उठायला २००० साल उजाडले.